प्रोव्होकेशनला चिथावणी म्हणावं का?

माझी भाची इथे इंदुरात एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात शिकवतात हिंदीतून, निकालपत्रं वाचायची इंग्रजीतून, आणि स्वतःची टिपणं ती काढते मराठीत. नानावटी हा खुनाचा गाजलेला खटला वाचताना तिनं वहीत लिहिलं, ‘पत्नीच्या कबुलीमुळे नानावटींना गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाली.’ लिहिलं आणि तिलाच खटकलं. मला विचारलं, ‘मावशी, शब्दकोशात प्रोव्होकेशनला चिथावणीच दिलंय. मग वाक्य कानाला का लागतंय?’

लागतंय ते बरोबर लागतंय. चिथावणीला तीन माणसं लागतात. एक चिथावणारा, एक चिथावला जाणारा आणि ज्याच्या अंगावर जायचं तो तिसरा. कान फुंकणं, भरीस घालणं, ‘बघत काय बसलास’ म्हणून पुढे ढकलणं, हे सगळं चिथावणीत येतं, आणि चिथावणाऱ्याच्या मनात हेतू असतोच. म्हणजे भाचीच्या वाक्यानं पत्नीच्या माथी एक आरोप आला, की तिनं नवऱ्याला आपल्या प्रियकरावर, म्हणजे आहुजावर, घातलं. तिनं तसं काहीच केलेलं नव्हतं. जे घडलं होतं ते तिनं नवऱ्याला सांगितलं, एवढंच. मी वकिलांसाठी होळकरांच्या वेळची मराठी कागदपत्रं हिंदीत करून देते. त्या कामात हे रोज जाणवतं: एक शब्द हलला की दोष एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो.

आता हा शब्द खटल्यात कुठे येतो ते पाहू. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथे तो नव्हता म्हणून घरी गेले. तिथे आहुजा गोळ्या लागून मेला. झटापटीत गोळ्या सुटल्या, हे बचावाचं मुख्य म्हणणं. ते टिकलं नाही तर पुढचं म्हणणं ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशनचं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० चा पहिला अपवाद तो हाच. तो लागू झाला की खून हा खून राहत नाही, तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा उतरते. भारतीय न्याय संहितेत हाच अपवाद आता कलम १०१ मध्ये आहे.

अपवादाचे शब्द नीट वाच. ज्यानं प्रोव्होकेशन दिलं, त्याचा मृत्यू झाला पाहिजे, किंवा चुकून वा अपघातानं दुसऱ्या कुणाचा, असं तिथे आहे. म्हणजे ती चूक वा अपघात सोडला, तर प्रोव्होकेशन देणारा आणि मरणारा एकच. इथे दोनच माणसं आहेत, मागून चिथावणाऱ्या तिसऱ्याला जागाच नाही. नानावटींच्या बाबतीत ते आलं आहुजाच्या वागण्यातून, पत्नीच्या तोंडून फक्त कळलं.

शब्दाची मुळंही हेच सांगतात. लॅटिन ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणं. आपल्या ‘वच्’ धातूच्याच नात्यातलं हे क्रियापद. हाक देऊन बाहेर काढणं, ललकारणं, हा मूळ अर्थ. हाक देणारा समोर उभा असतो, मागून कान फुंकत नसतो. आणि ‘ग्रेव्ह’चं थडग्याशी काही देणंघेणं नाही. तो ‘ग्रॅव्हिस’वरून आलेला, वजनदार या अर्थाचा, म्हणजे आपल्या ‘गुरु’चा सख्खा भाऊ. ‘गंभीर’ चालेलच, पण ‘भारी’ हा अर्थ मनात ठेवला तर तो शब्द विसरणार नाही.

मराठीत मग काय म्हणावं? ‘प्रक्षोभ’. समुद्र क्षुब्ध होतो, घुसळून निघतो, त्यातला हा धातू. जे होतं ते माणसाच्या आत होतं: तिडीक जाते, भान सुटतं. हिंदी दंड संहितेनंही हे दोन अर्थ वेगळे ठेवलेत. खुनाच्या अपवादात ‘प्रकोपन’ आणि कलम १०७ मध्ये, गुन्ह्याला प्रवृत्त करण्याच्या संदर्भात, ‘उकसाना’. आपल्याकडे मात्र प्रकोप थंडीचा, रोगाचा, पित्ताचा. म्हणून हिंदी शब्द तसाच उचलून वहीत घालू नये.

‘सडन’वरच सगळा खटला फिरला. दीडच्या सुमारास नानावटी घरातून निघाले, आहुजा मेला चार वाजून वीस मिनिटांनी. सर्वोच्च न्यायालयानं २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात, जो न्या. सुब्बा राव यांनी लिहिला, हेच तीन तास धरले. भान परत यायला एवढा वेळ पुरेसा होता, असं ठरलं आणि जन्मठेप कायम राहिली. निकालात राग ‘कूल’ होण्याची भाषा आहे. त्याला आपल्याकडे घरातला नेमका शब्द आहे, ‘निवणं’. दूध निवतं तसा राग निवतो. ‘थंड होणं’ लिहू नकोस, ‘निवणं’ लिही.

चिथावणी कुठे शोभेल, तर त्यासाठी इंदूरकराला लांब जायला नको. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि मुमताज बेगम जखमी झाली. मुमताज आधी तुकोजीराव होळकरांच्या पदरी होती. पकडलेल्यांत इंदूर दरबाराशी संबंधित माणसं निघाली. तेव्हा लोकांच्या तोंडी प्रश्न होता तो ‘यांना पाठवलं कोणी’ हा. कायद्याच्या भाषेत ते इन्स्टिगेशन, आणि गुन्हा म्हणून अबेटमेंट, मराठीत अपप्रेरणा. महाराजांवर खटला कधी चालला नाही. चौकशी आयोग की राज्यत्याग, असा पर्याय समोर आला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी यशवंतरावांना दिली. त्यामुळे दोष कुणाचा, हे त्या शब्दानं ठरवता येत नाही. पण संशय व्यक्त करायला शब्द मात्र चिथावणीच.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर शब्दकोशावर अन्याय होईल. दंगल व्हावी म्हणून कुणाला डिवचण्याचा जो गुन्हा जुन्या कलम १५३ मध्ये होता, तिथेही इंग्रजी शब्द प्रोव्होकेशनच आहे, आणि तिथे चिथावणी अगदी चपखल बसते. कारण तिथे हेतू आहे. कोशकारानं अर्थ खरा दिला, फक्त कलम सांगितलं नाही.

निकालातल्या ‘पर्व्हर्स’ शब्दाचा अर्थ काय, या तुझ्या दुसऱ्या शंकेचं थोडक्यात: ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं तेव्हा सेशन्स जज्जांनी तो कौल ‘पर्व्हर्स’ मानून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. याचा अर्थ विकृत नव्हे. समोरच्या पुराव्यावरून कुठलाही समंजस माणूस या निष्कर्षाला येऊच शकला नसता, एवढाच. ‘विपरीत’ लिहावं.

आणि वहीतलं वाक्य असं करून टाक: ‘आहुजाच्या वागण्यानं नानावटींच्या मनात गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ झाला, असं बचावाचं म्हणणं, तो तीन तासांत निवला होता, असं न्यायालयाचं.’