हॅक्सॉची पाती आणि रेस्क्यू वन

प्रश्न : सर, न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलावरचा एक माहितीपट पाहिला. त्यात 'रेस्क्यू कंपनी वन' हे नाव सारखं येत होतं. आगीच्या कामात कंपनी कुठून आली? ही खासगी आहे का? आणि त्यांच्या गाडीत पाणीच नसतं म्हणे. मग ती आगीवर जाऊन करते काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खासगी अजिबात नाही. ही कंपनी पलटणीतली, म्हणजे तुकडी. न्यूयॉर्कचं पगारी दल १८६५ साली उभं राहिलं. त्याआधी शहरात स्वयंसेवकांची पथकं होती, त्यांनाही कंपनीच म्हणत. इंजिन कंपनी पाणी मारते, पंप आणि होज, म्हणजे पाण्याच्या नळ्या, तिच्याकडे. लॅडर कंपनी शिड्या लावते, दारं फोडते, धुराला वाट करून देते, आत कुणी राहिलंय का ते शोधते. रेस्क्यू कंपनी या दोघींहून वेगळी. तिच्या गाडीत खरोखरच ना पाणी, ना होज. पुढे एक अधिकारी आणि पाच फायरमन, मागे सगळं वर्कशॉप : करवती, कटर, गॅसची ज्योत, जॅक, दोर, श्वसनयंत्रं. शहराचे पाच विभाग आणि प्रत्येकाला अशी एक कंपनी. मॅनहॅटनची ती वन.

ती आगीवर जाऊन काय करते, हे एका खिडकीवरून सांगतो.

९ जानेवारी १९१२. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवरची इक्विटेबल विमा कंपनीची इमारत पहाटे पेटली. तळघरातल्या कॅफेत सुरुवात झाली आणि लिफ्टच्या वाटांनी आग वर चढली. थंडी इतकी की होजमधून मारलेलं पाणी भिंतीवर गोठत होतं. तिथल्या तिजोऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष विल्यम गिब्लिन कागदपत्रं वाचवायला खाली गेले आणि अडकले. रस्त्याच्या पातळीवर एक खिडकी होती, तिला तिजोरीला शोभतील असे जाड पोलादी गज. माणूस दिसतोय, बोलतोय, हात बाहेर काढतोय, पण बाहेर येऊ शकत नाही. सेनेका लार्क नावाचा फायरमन त्या गजांशी हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, घेऊन बसला. वरून पाणी पडत होतं, त्याचा अंगावर बर्फ होत होता, आणि मागे इमारत ढासळत होती. तासाहून जास्त वेळ तो कापत राहिला. पात्यामागून पातं गेलं. शेवटी गज सुटले आणि गिब्लिन जिवंत बाहेर आले. लार्कला पदक मिळालं. त्या आगीत सहा जण गेले, त्यांत दलाचा एक वरिष्ठ अधिकारीही होता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. कारण गज कापणं म्हणजे काय ते माझ्या खांद्याला माहीत आहे. मीही अग्निशमन दलातलाच. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, गेलो. दुसरा मजला, जिन्यात धूर भरलेला, खिडकीला ग्रिल, आणि ग्रिलला गाल लावून एक आजी उभ्या. मी शिडीवर. केंद्राच्या पेटीत एक हॅक्सॉ आणि चार पाती होती. पहिली दोन मी पाच मिनिटांत मोडली. घाबरलेला माणूस करवत आखूड आखूड आणि भराभर चालवतो. मग पातं मधल्या दोन इंचांतच झिजतं, गरम होतं, जरा तिरपं झालं की काडकन तुटतं. हॅक्सॉचे दात पुढे बघणारे असतात, तो ढकलताना कापतो. ओढताना जोर लावला तर दात जातात, कापलं काहीच जात नाही. आमचे लीडिंग फायरमन, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते माझ्या खालच्या पायरीवर आले. माझ्या पोटरीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पातं पूर्ण चालव. टोकापासून टोकापर्यंत. आजींशी बोलत राहा, म्हणजे तुझा श्वास जागेवर येईल." मी आजींना विचारलं, घरात अजून कोण आहे, गाव कुठलं. तिसऱ्या पात्यावर दोन गज सुटले. बाहेर काढताना त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर जी धरली, ती खाली आल्यावरही सोडली नाही.

चार पाती. लार्ककडे माणसं नवीन पाती आणून देत होती म्हणून तो तासभर टिकला. रेस्क्यू कंपनीचं मूळ मला इथे दिसतं. इक्विटेबलच्या आगीत धाडस कमी पडलं नव्हतं, गज कापायची धड सोय नव्हती.

तीन वर्षांनी, ६ जानेवारी १९१५ रोजी, ब्रॉडवेखालच्या भुयारी रेल्वेत शॉर्ट सर्किट झालं. ज्वाळा थोड्या, धूर प्रचंड. शेकडो प्रवासी अंधारात गुदमरले आणि त्यांना काढायला उतरलेले फायरमनही कोसळायला लागले, कारण तोंडाला लावायला काही नव्हतं. दोनच महिन्यांत, ८ मार्च १९१५ला, रेस्क्यू कंपनी वन सुरू झाली. कॅप्टन जॉन मॅकएलिगॉट, हाताखाली एक लेफ्टनंट आणि मोजके फायरमन. गाडी म्हणजे एक कॅडिलॅक मोटार, तिच्यावरच सामान चढवलेलं. त्या सामानात जर्मन ड्रेगर बनावटीची धुरात घालायची शिरस्त्राणं होती. ती मुळात खाणीतल्या माणसांना काढण्यासाठी वापरात आलेली. शिवाय ऑक्सिॲसिटिलीनची ज्योत होती. लार्कने तासभर घासलेला गज ती फार थोड्या वेळात कापते. दोर लांब फेकणारी छोटी तोफ होती, कप्प्या होत्या, जॅक होते.

आणि माणसं कशी निवडली? दलात येण्याआधी कोण काय काम करत होता ते पाहून. कुणी लोखंडकाम केलेला, कुणी रिगर, म्हणजे अवजड वस्तू दोराकप्पीने उचलणारा, कुणी मेकॅनिक, कुणी वीजतंत्री. मॅकएलिगॉट पुढे संपूर्ण दलाचे प्रमुख झाले. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम ही निवड. ज्याच्या हातात आधीच कला आहे त्याला धुरात उभं राहायला शिकवता येतं. नुसत्या धाडशी माणसाला ऐन धुरात हातकाम शिकवता येत नाही.


प्रश्न : मोबाइलवर एक जुनी चित्रफीत फिरते. न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवरून फायरमन दोराने खाली येतो आणि खिडकीतल्या माणसाला उचलतो. खाली लिहिलं होतं की तो दोर कुठेही बांधलेला नव्हता. हे खरं असेल तर हा निष्काळजीपणा नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. आणि निष्काळजीपणा नाही. घटना ७ मे १९९१ची, टाइम्स स्क्वेअरजवळच्या बारा मजली इमारतीतली, काम रेस्क्यू वनचं. धुराने कोंडलेले दोन जण खिडक्यांत बाहेर आले होते, केव्हाही उडी मारतील अशा अवस्थेत. लेफ्टनंट पॅट्रिक ब्राउन आपली माणसं घेऊन छतावर पोचले तेव्हा दोर बांधावा असं भक्कम तिथे काही नव्हतं. म्हणून फायरमननी दोर स्वतःच्या अंगाने अडवून धरला. आधी पॅट्रिक बार खाली सोडला गेला, त्याने एकाला घेतलं. मग केविन शेने दुसऱ्याला. दोघेही वाचले.

छतावरच्या त्या माणसांच्या डोक्यात तेव्हा काय असेल हे समजायचं तर अकरा वर्षं मागे जायला हवं. २७ जून १९८०, हार्लेम. लॅडर २८चा जेरार्ड फ्रिस्बी वरच्या मजल्याच्या खिडकीत आगीमुळे अडकला. रेस्क्यू थ्रीचा लॉरेन्स फिट्झपॅट्रिक छतावरून दोराने खाली आला आणि त्याने फ्रिस्बीला कवेत घेतलं. छताच्या कठड्यावर दोर तुटला. दोघेही गेले.

खिडकीतला माणूस उंबरठा सोडतो त्या क्षणी दोरावरचं वजन एकदम दुप्पट होतं, आणि तेही झटक्याने. ताणलेला दोर धारदार काठावर घासला तर सुरीखालच्या भेंडीसारखा कापला जातो. आम्ही जुना होज उभा चिरून दोराखाली, कठड्याच्या काठावर घालायचो. त्याचा तुकडा प्रत्येक दोराच्या पिशवीत असायलाच हवा, अशी माझी सक्ती होती. हार्लेमच्या मृत्यूंनंतर अमेरिकेत प्राणरक्षक दोरांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८५मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक आलं. दोर किती जाड, किती भार घेणारा, केव्हा बाद करायचा, सगळं लिहिलेलं. १९९१च्या चित्रफितीतला तो दोर टिकला, त्यामागे या दोघांचं मरण आहे. ती चित्रफीत पुढे पाठवताना फ्रिस्बी आणि फिट्झपॅट्रिक ही नावंही सोबत लिहा, एवढी विनंती.


प्रश्न : ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्क दलाचे ३४३ जण गेले. त्यात एकट्या रेस्क्यू वनचे ११. एका छोट्या तुकडीतले इतके कसे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाळीच्या वेळेमुळे. पहिलं विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरवर ८ वाजून ४६ मिनिटांनी आदळलं, आणि तिथली दिवसपाळी सकाळी ९ला सुरू होते. म्हणजे रात्रीची पाळी अजून ठाण्यात आणि दिवसाची आलेली. आमच्याकडेही असंच व्हायचं. पाळी संपलेला माणूस मोठी वर्दी ऐकून घरी जात नाही. त्याला कुणी थांबवलेलं नसतं, तोच बूट पुन्हा चढवतो. शिवाय अशा वर्दीवर रेस्क्यू कंपनीला आतच जायचं असतं. वन तर मॅनहॅटनचीच.

कॅप्टन टेरेन्स हॅटन गेले. चांगल्या कामाला 'आउटस्टँडिंग' म्हणायची त्यांना सवय होती. तो शब्द आता कंपनीच्या बोधचिन्हावर आहे. १९९१ला छतावर असलेले पॅट्रिक ब्राउन तोवर लॅडर थ्रीचे कॅप्टन झाले होते. तेही गेले.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. २०१६ला तिच्याकडे गेलो तेव्हा हट्टाने दोन जागा पाहिल्या. पहिली, स्मृतिसंग्रहालयातली लॅडर थ्रीची गाडी. पुढच्या बाजूचा चेंदामेंदा झालाय, मागे शिडी तशीच. लोक फोटो काढून पुढे जात होते. मी मात्र सवयीने गाडीच्या बाजूचे कप्पे बघत राहिलो, कुठलं हत्यार कुठे असेल ते. मुलीने दोनदा हाक मारली तरी माझा पाय निघेना.

दुसरी जागा, पश्चिम ४३व्या रस्त्यावरचं रेस्क्यू वनचं ठाणं. त्यांची तिथली जुनी इमारत १९८५ला शेजारच्या गोदामाच्या आगीत गेली, नंतर नवी बांधली. दार उघडं होतं. मी बाहेरूनच सलाम केला आणि म्हटलं, मी भारतातल्या दलातून निवृत्त झालोय. आतला तरुण फायरमन हातातलं काम तसंच ठेवून पुढे आला, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "एकतीस." मग तो मला गाडीकडे घेऊन गेला. हायड्रॉलिक कटर, हवेने फुगून भार उचलणाऱ्या पिशव्या, सगळं दाखवलं. मी विचारलं, साधा हॅक्सॉ ठेवता का? त्याने कप्पा उघडून काढून दिला. मी पात्यावरून अंगठा फिरवला, दात पुढे होते.

त्या दिवशी अकरा माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हातातलं कौशल्यही गेलं. भाऊंनी माझ्या पोटरीवर हात ठेवला होता तसा हात ठेवणारी माणसं एका सकाळीत संपली. दुसऱ्या कंपन्यांतून जुने, मुरलेले लोक आणून तुकडी पुन्हा उभी केली. नवी गाडी विकत आणता येते. अशी माणसं तयार व्हायला किती वर्षं लागतात, हे ज्याने तुकडी चालवली आहे त्याला विचारा.


प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. मला बचाव पथकातच जायचंय. व्यायाम चालू आहे. अजून काय करू?
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : बाळ, व्यायाम चालू ठेव, आणि त्याच्या जोडीला एखादं हातकाम शीक. वेल्डिंग, फिटरचं काम, वायरिंग, काहीही चालेल, पण नीट शीक. मॅकएलिगॉटनी १९१५ला हेच पाहिलं होतं. आणि दोन गाठी शिकून घे, बोलाइन, म्हणजे न आवळणारा फास, आणि चेअर नॉट. चेअर नॉटच्या दोन फाशांत माणूस बसवून खाली सोडतात. आधी उजेडात शिकून घे. मग रात्री दिवा बंद कर, जाड हातमोजे पाण्यात भिजवून घाल आणि बांध. पहिल्या दिवशी किती वेळ लागला आणि महिन्याने किती, ते मला पत्राने कळव.