दारू सुटली, पण आता रडतात फार

"मॅडम, प्यायचे तेव्हा निदान गप्प तरी पडून असायचे. आता दिवसदिवस रडतात. आमचं काही चुकलं का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो. इचलकरंजीच्या एका ताईंनी तो विचारला होता, त्यांच्या घरचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा जॉबर, म्हणजे यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती करणारा. तरणाताठा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेराव्यापर्यंत या गृहस्थांनी डोळ्यांतून टिपूस न काढता सगळं निभावलं. पाहुणे पांगले आणि रात्रीची क्वार्टर सुरू झाली. पुढे सकाळी हात थरथरायला लागले की आधी घोट, मग चहा. घरात कोणी अडवेना. "पोटचा पोरगा गेलाय, घेऊ दे," म्हणत पहिली बाटली मेहुण्यानेच आणून दिली होती. मायेपोटीच दिली, पण अशा मायेने घरं बुडालेली मी पाहिली आहेत.

ताईंनी कुणाचं तरी ऐकून गुपचूप भाजीत टाकायच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या आधी थांबवल्या. अशा गोळ्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ते घेणाऱ्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. "मग खोलीत कोंडून ठेवतो," मेहुणा म्हणाला. तेही नको. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन नसलेलं दिसायला लागू शकतं. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ, औषधं, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, आणि मग समुपदेशन.

शरीर सावरलं आणि रडणं सुरू झालं. ताई घाबरल्या त्या इथे. मी त्यांना सांगितलं, दारूने दुःख कमी झालं नव्हतं, नुसतं अडून राहिलं होतं. तुम्ही सगळे इतके महिने रडलात, यांचा मुलगा जणू आत्ता गेलाय. नेमकं याच वेळी घरचे म्हणतात, "आता पुरे, पुरुषासारखे पुरुष तुम्ही!" आणि माणूस पुन्हा गुत्त्याची वाट धरतो.

एकदा त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मुलाचा नंबर बंद पडू नये म्हणून ते दर महिन्याला रिचार्ज मारायचे. रात्री पिऊन तो नंबर लावायचे, कपाटात रिंग वाजत राहायची. रिचार्ज बंद करा, असं मी म्हटलं नाही. आज शुद्धीत आहात, त्याला काय सांगायचंय ते इथे बोला, म्हटलं. बराच वेळ गेला. मग गाडीला पैसे आपणच दिले, ही सल पहिल्यांदा बाहेर आली. ताई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "अहो, घेऊन द्या म्हणून मीच तर मागे लागले होते."

वर्षश्राद्धाची धास्ती सगळ्यांनाच होती. त्या दिवशी सोबत कोण राहणार, संध्याकाळी कुठे जायचं, हे आधीच ठरवलं. दिवस पार पडला. आठवड्याने मात्र ते प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून आले. असं होतं. उपचार तिथून पुढे चालू ठेवायचे असतात, आणि ते चालू आहेत.

तुमच्या घरीही रडणं सुरू झालं असेल तर रडू द्या, शेजारी बसा. पण झोप-जेवण तुटलं किंवा मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.