काल शुद्धीत होते, आज भलतंच बोलतात : रुग्णालयातल्या डेलिरियमबद्दल वाचकांचे प्रश्न

रुग्णालयात दाखल केलेल्या वयस्क माणसाच्या डोक्यात अचानक गोंधळ उडतो, त्याला डेलिरियम म्हणतात. त्याबद्दलच्या पत्रांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घरच्यांना बदल दिसलेला असतो, पण तो डॉक्टरांच्या कानावर घातलेला नसतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : आईचं वय 78. खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणू लागली, सलाइन उपसून काढलं. सकाळी अगदी ठीक होती, संध्याकाळी पुन्हा तेच. शेजारच्या खाटेवाले म्हणाले, वात झालाय, आता काही खरं नाही. तिला वेड लागलंय का?

नाही. आणि शेजारच्या खाटेवरून निदान होत नसतं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणं, दिवसभरात कमी-जास्त होणं आणि लक्ष न टिकणं, ही डेलिरियमची लक्षणं आहेत. सकाळी ठीक वाटली म्हणून ती बरी झाली असं समजू नका. डॉक्टरांची फेरी बहुधा सकाळी असते, त्यामुळे त्यांना ठीक असलेलीच आई दिसते. रात्री किती वाजता सुरू झालं, ती काय बोलली, काय केलं, हे लिहून ठेवा आणि फेरीच्या वेळी वाचून दाखवा.

खुब्याच्या ऑपरेशननंतर हे वारंवार घडतं. दुखणं पुरेसं थांबलेलं नसतं, किंवा दुखण्यावरचं औषधच जास्त झालेलं असतं. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, ऑक्सिजन कमी पडणं, लघवी तुंबणं, चार दिवस पोट साफ न होणं, यांतलं काहीही असू शकतं, आणि बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकदम असतात. त्या शोधणं डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही मुंग्यांवरून वाद घालू नका. ‘मला दिसत नाहीत, पण तू घाबरू नकोस, मी इथेच आहे’ एवढं पुरे.

प्रश्न : म्हणजे हा डिमेन्शियाच ना?

नाही. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो, डेलिरियम तासांत येतो. मात्र डिमेन्शिया असलेल्यांना डेलिरियम लवकर होतो. तेव्हा ‘ते आधीपासूनच विसरतात’ म्हणून अचानक झालेला बदल सोडून देऊ नका.

प्रश्न : वडील 82 वर्षांचे, न्यूमोनियासाठी दाखल आहेत. आधी खूप बोलत होते, परवापासून नुसते पडून असतात. घास तोंडात तसाच धरून ठेवतात. सिस्टर म्हणतात, अजिबात त्रास देत नाहीत. काळजीचं कारण आहे का?

आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधी बोलवा, उत्तर मग वाचा. आणि तोवर भरवणं थांबवा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडातला घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियावर न्यूमोनिया होतो.

या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना मी पाहते. डेलिरियम म्हटलं की आरडाओरडा, नळ्या उपसणं, खाटेवरून उतरून पळणं एवढंच लोकांना ठाऊक असतं. अशा रुग्णाकडे सगळा वॉर्ड धावतो. पण म्हाताऱ्या माणसांमध्ये डेलिरियमचा गप्प प्रकार फार आढळतो. माणूस बोलत नाही, कूस बदलत नाही, हाक मारली की डोळे उघडतो आणि लगेच मिटतो. पाणी मागत नाही, म्हणून शरीर सुकतं. हलत नाही, म्हणून पाठीला जखमा होतात. या प्रकारात पुढे अनेकदा अधिक वाईट होतं, आणि लक्षात मात्र तोच सर्वांत कमी येतो, कारण तो कोणाला त्रास देत नाही. ‘आराम करताहेत’, ‘थकलेत’, ‘वय झालं’ या तीन वाक्यांत मोलाचे दोन-तीन दिवस जातात. वय परवाही 82 च होतं!

हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. ‘फोर-एटी’ नावाची चाचणी खाटेपाशी दोन मिनिटांत होते. रुग्ण किती जागा आहे ते पाहतात. वय, जन्मतारीख, आपण कुठे आहोत आणि चालू वर्ष विचारतात. मग डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगतात. सात महिने बरोबर आले तर लक्ष ठीक धरतात. डेलिरियममध्ये माणूस ‘डिसेंबर, नोव्हेंबर’ म्हणतो आणि तिथेच हरवतो, किंवा जानेवारीपासून सुलटे म्हणू लागतो. चौथा भाग असतो अचानक झालेल्या बदलाचा, आणि त्याचं उत्तर घरच्यांकडेच असतं. ज्या डॉक्टरांनी तुमच्या वडिलांना पहिल्यांदाच पाहिलं, त्यांना ते एरवी कसे असतात हे कळणार कुठून? म्हणून ‘बरं वाटत नाहीये’ असं मोघम सांगू नका. ‘दाखल केलं तेव्हा पेपर वाचत होते, आज मला ओळखायला वेळ लागला’ असं सांगा, आणि ‘डेलिरियमची तपासणी करा’ असं स्पष्ट म्हणा. साखर उतरणं किंवा पक्षाघात यांतही अशीच गुंगी येते, म्हणून उद्यावर ढकलायचं नाही. म्हातारपणी न्यूमोनिया बळावला तरी ताप चढेलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : रात्रभर ओरडतात. झोपेचं इंजेक्शन मागावं का? सिस्टर हात बांधू का विचारतात.

इंजेक्शन मागू नका. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांनी डेलिरियम बहुधा वाढतो. सर्दी-अ‍ॅलर्जीवरच्या जुन्या पिढीतल्या गोळ्यांनीही, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामाइन. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात असेल तर डॉक्टर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी औषध देतात. पार्किन्सन किंवा लुई बॉडी डिमेन्शिया असेल तर ते आधीच सांगा, अशा रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं घातक ठरू शकतात. हात बांधल्याने माणूस आणखी बिथरतो. घरचं कोणीतरी रात्री उशाशी बसावं आणि बांधण्याला दुसरा पर्याय काय, हे डॉक्टरांना विचारावं. घरी रोज झोपेची गोळी घेत असतील तर ती मनाने बंदही करू नका. अचानक बंद केल्यानेही डेलिरियम होतो.

प्रश्न : चष्मा आणि कानाचं यंत्र हरवेल म्हणून घरीच ठेवलंय. चालेल?

नाही. आजच आणा. 1999 साली अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, रात्रीची शांत झोप, लवकर चालवणं, वारंवार स्थळ-काळ सांगणं अशा काळजीने डेलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. यातलं बरंचसं घरचं माणूस करू शकतं.

प्रश्न : मेंदूची ताकद वाढवणारं एक टॉनिक सुचवलंय. सासूबाईंना सुरू करू का?

नको. टॉनिकने डेलिरियम बरा होत नाही. ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा मला मनापासून राग आहे, कारण त्या बाटलीच्या भरवशावर लघवीची तपासणी पुढे ढकलली जाते. सासूबाई सध्या जे जे घेतात, चूर्ण आणि डोळ्यांतल्या थेंबांसकट, ते एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

प्रश्न : आजोबा रोज दारू घेतात. दाखल करताना लाजेने सांगितलं नाही. सांगायलाच हवं का?

हो, आत्ता. दारू अचानक सुटल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येणारा डेलिरियम जिवावर बेतू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

प्रश्न : डिस्चार्ज मिळालाय, पण आई अजून थोडी गोंधळलेली आहे. पूर्ण बरी होईल ना?

बहुतेक जण सुधारतात. काहींना दिवस लागतात, काहींना महिने, आणि काहींची स्मृती पहिल्यासारखी होत नाही. घरी नेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : कारण काय सापडलं, कोणतं औषध नवं आहे आणि कोणतं बंद केलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘डेलिरियम’ लिहून घ्या, पुढे कधी दाखल करावं लागलं तर उपयोगी पडेल. काही आठवड्यांनी स्मृतीची तपासणी करून घ्या. मधल्या काळात गुंगी वाढली, खाणं-पिणं सुटलं किंवा गोंधळ पुन्हा एकदम चढला, तर दिलेल्या तारखेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या. तोवर तिच्या गोळ्या तुम्ही हातात द्या, आणि मालमत्तेच्या कागदांवर तिची सही घेऊ नका.