चेक वटला नाही, पॉलिसी रद्द झाली. नव्या फॉर्मवर काय लिहू?

प्रश्न: माझ्याकडे जुनी बोलेरो आहे. गेल्या दिवाळीआधी विम्याची मुदत संपली म्हणून चेक दिला, पण व्यापाऱ्यानं सोयाबीनचे पैसे उशिरा टाकले अन् चेक परत गेला. कंपनीचं पॉलिसी रद्द केल्याचं पत्र आलं. आता मृग लागायच्या आत दुसऱ्या कंपनीचा विमा काढतो आहे. फॉर्ममध्ये विचारलं आहे, आधी कुण्या कंपनीनं विमा नाकारला किंवा रद्द केला का? एजंट म्हणते, "भाऊ, 'नाही' लिहून टाका, कोन पाहाते?" काय करू?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, 'होय' लिहा. पुढे कारणही लिहा: 'चेक न वटल्याने पॉलिसी रद्द', आणि पत्राची तारीख. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडा. कंपनीचं पत्र आणि बँकेचा चेक परतीचा मेमो, दोन्हींच्या झेरॉक्स लावा.

यात लाजण्यासारखं काही नाही. हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायची नाही, असं विमा कायदा 1938 चं कलम 64 व्हीबी सांगतं. खोट्या क्लेमपायी पॉलिसी रद्द होणं वेगळं आणि हे वेगळं. कंपनीला हा फरक कळतो, पण तुम्ही कागदावर सांगितलं तर. मुदत तुटलेली असल्यानं गाडीची तपासणी होईल, ती होऊ द्या.

तुमच्या एजंटचा मात्र मला राग आला. अमरावतीत मी क्लेमच्या फायली हाताळत असे. त्यातला एक फॉर्म अजून डोळ्यांपुढे आहे: सगळी उत्तरं एजंटच्या वळणदार अक्षरात, खाली मालकाची अडखळत केलेली सही. 'नाही' त्या माणसानं लिहिलंच नव्हतं, पण क्लेम त्याचा फेटाळला गेला. हप्ता घेताना कुणी खोदून विचारत नाही. गाडी नाल्यात गेली की जुन्या पॉलिसीचा नंबर शोधला जातो.

नुसत्या गाडीच्या नुकसानीवर हे थांबत नाही. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 खाली कंपनी अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणापुढे हात वर करू शकते. अपघातात कुणाचा जीव गेला, तर भरपाईपायी तुमचं वावर विकायची वेळ येईल.

नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा रकानाही तपासा. तुमची शेवटची खरी पॉलिसी दिवाळीआधीच संपली. बोनस टिकवायला त्यानंतर 90 दिवसांत नवा विमा काढावा लागतो. ते दिवस केव्हाच उलटले, म्हणजे बोनस गेला. एजंटनं तिथं 20 किंवा 25 टक्के टाकले असतील तर खोडायला लावा.

आणि नवी पॉलिसी हाती येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. विम्याविना पहिल्यांदा सापडलात तर 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या वेळी हप्ता चेकनं देऊ नका, थेट कंपनीच्या नावे ऑनलाइन भरा आणि पावती घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भरलेला फॉर्म स्वतः वाचा, मुलाकडून मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घ्या, मगच एजंटच्या हाती द्या.