‘इज सेड टू बी’ आणि ‘इज नोन टू बी’

प्रश्न : इंग्रजीतील ‘इज सेड टू बी’, ‘इज नोन टू बी’, ‘इज कन्सिडर्ड’ या कर्मणी रचनांचा अर्थ एकच आहे का?

उत्तर : नाही, आणि हा फरक भाषांतरात वारंवार हरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘ही इज सेड टू बी रिच’ असे लिहिणारा त्या माणसाच्या श्रीमंतीची हमी घेत नाही, केवळ लोकांचे बोलणे पुढे पोहोचवतो. म्हणून मराठीत ‘तो श्रीमंत आहे म्हणे’ हे मला त्याचे सर्वांत नेमके रूप वाटते. विशेष म्हणजे ‘दे से हिम टू बी रिच’ अशी कर्तरी रचना इंग्रजीत होतच नाही. याउलट ‘इज नोन टू बी’ लिहिणारा स्वतःही ती गोष्ट खरी धरून चालतो. ‘इज कन्सिडर्ड’ म्हणजे ‘मानले जाते’. त्यापुढे ‘अ‍ॅज’ची गरज नसते, ‘इज रिगार्डेड’पुढे मात्र ते लागते. ‘इज नोन अ‍ॅज’ मुख्यतः नाव किंवा बिरुद सांगते : ‘मार्स इज नोन अ‍ॅज द रेड प्लॅनेट’, म्हणजे मंगळाला तांबडा ग्रह म्हणतात. येथे ‘म्हणून ओळखला जातो’ असे लिहिणे चूक नव्हे, पण ‘म्हणतात’ हे कर्तरी रूप मराठीला अधिक सहज आहे.