जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) नुसता 'टक' करतो, इंजिन फिरत नाही. नवीन सेल्फ टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचा आहे, बॅटरी यंदाच टाकलीय, चावी फिरवली की एकदाच ठणठणीत 'टक' होतं आणि बस्स. तीन-चारदा मारल्यावर कधीतरी एकदम उचलतो. मिस्त्री म्हणतो सेल्फ गेला.

एवढ्यावरून तरी सेल्फ खोलू नका. 'टक' होतंय म्हणजे चावी, तिची बारीक वायर, न्यूट्रलचा स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ लागू न देणारा) आणि सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला मोठा करंट जोडून देणाऱ्या विजेच्या खटक्याची, कॉइल, सगळं चालतंय. उरले तिघे: बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबली (बॅटरीच्या मायनसपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जाणारी अर्थिंगची धरून), सोलेनॉइडच्या पोटातले तांब्याचे कॉन्टॅक्ट, आणि सेल्फचे कार्बन, म्हणजे त्याच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे झिजणारे तुकडे. फार क्वचित सेल्फ आतून अडकलेला असतो. शोधही याच क्रमाने घ्या, कारण पहिल्याला खर्च म्हणजे पॉलिश पेपरचा एक तुकडा.

आधी एक फुकटची परीक्षा. संध्याकाळी हेडलाइट लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 'टक' होताना लाइट जवळजवळ विझला तर बॅटरीत दम नाही, तिची टर्मिनल ढिली आहेत किंवा सेल्फ जाम आहे. लाइट जसाच्या तसा राहिला तर मोटरपर्यंत करंट पोहोचतच नाहीये. 'टक-टक-टक-टक' अशी माळ लागली तर बहुतेक बॅटरी उतरलेली असते. तुमचं एकच 'टक' आहे, म्हणून मी पैज लाइट न हलण्यावर लावीन.

आता मल्टीमीटर. साधा, गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तोच चालेल. गिअर आणि हाय-लो दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन बंद करायचा खटका ओढून धरलेला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर.

काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर घट्ट धरा. खुंटावर म्हणजे खुंटावरच, क्लिपवर नाही. लाल पिन प्लस खुंटावर. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवेल. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी नवी असली तरी बहुतेक चार्ज नाही, आणि मग डायनामो किंवा अल्टरनेटर चार्ज करतोय का ते बघायला हवं. १२ च्या वर टिकली तर पुढे चला.

लाल पिन सोलेनॉइडच्या त्या बोल्टवर ठेवा जिथे बॅटरीची जाड केबल येते. बॅटरीवर १२ आणि इथे सेल्फ मारताना ६-७ दिसले, तर चोर वाटेतल्या केबलीत. मग पिन शेजारच्या बोल्टवर, जिथून मोटरच्या आत पट्टी जाते. पहिल्यावर १२ आणि इथे शून्य किंवा उगाच उड्या मारणारा आकडा: कॉन्टॅक्ट जळलेत. इथेही १२ येतात पण मोटर हलत नाही, तर लाल पिन सेल्फच्या उघड्या लोखंडावर टेका. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. काहीच दिसलं नाही तर कार्बन.

अर्थिंगवर मी जरा जास्तच अडून बसतो. सेल्फ उचलताना सहज २००-२५० अँपिअर खेचतो. वाटेत कुठे एक शतांश ओहमचा अडथळा असला, जो साध्या मीटरवर मोजताही येत नाही, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खलास. म्हणून 'लाइट तर झक्क लागतोय, मग करंट आहेच की' हे खरं नाही. लाइटला दहाएक अँपिअर पुरतात. दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर रंगवायची आपल्याकडे हौस, आणि रंगवणारा अर्थिंगच्या बोल्टसकट सगळं लाल करून मोकळा होतो. तो बोल्ट काढा, खालचं लोखंड चकाकेपर्यंत घासा, लग (केबलीच्या टोकाची धातूची कडी) घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. केबलीचं टोकही वाकवून बघा. वरून छान दिसते, पण लगेपाशी रबर कापलं की आत तांब्याची हिरवी-पांढरी भुकटी झालेली असते. सेल्फ मारून झाल्यावर जो जोड हाताला गरम लागतो, तोच गुन्हेगार. केबल बदलाल तर जुनीपेक्षा बारीक घेऊ नका.

इथे एक गोष्ट नीट ऐका. सोलेनॉइडचे दोन बोल्ट पान्याने शॉर्ट करून सेल्फ मारायची जी पद्धत गावोगाव चालते, तिने माणसं मेली आहेत. पान्याने थेट मारताना न्यूट्रलचा स्विच बाजूलाच राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर पट्कन चालू होतो आणि तुम्ही नेमके पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभे असता. 'माझा मिस्त्री रोज करतो' हे उत्तर नाही.

तुमचं 'कधी उचलतो, कधी नाही' हे लक्षण कॉन्टॅक्टचं किंवा कार्बनचं. निवडायचं कसं? एकजण चावी धरून असताना दुसऱ्याने बाजूने, पंख्यापासून दूर राहून, लाकडी मुठीने सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकायचं. तेवढ्यात उचलला तर कार्बन झिजलेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत. ठोकून रोज चालवत बसू नका. ते फक्त निदान.

काढायचा झाला तर आधी बॅटरीची मायनस केबल सोडवा, आणि सेल्फ खालून हाताने तोलून धरा, जड असतो. कार्बन बदलताना कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) बारीक काच पेपरने पुसा, एमरीने नाही, तिचे कण करंट वाहून नेतात. बुशही बघा, म्हणजे फिरत्या भागाला टोकाशी धरणाऱ्या धातूच्या नळ्या. बुश झिजले की आर्मेचर (तोच फिरता भाग) खाली बसून भोवतालच्या पोलला (चुंबकाच्या तुकड्याला) घासतं आणि इंजिन गरम असतानाच सेल्फ नाटकं करतो. आत ऑइल सापडलं तर बहुतेक इंजिनचं मागचं सील गळतंय. ते थांबवल्याशिवाय नवे कार्बनही टिकणार नाहीत. सोलेनॉइड खोलता येत असेल तर आतली तांब्याची चकती उलटून बसवली तरी बराच काळ निघतो.

नवीन सेल्फ घ्यायची वेळ आर्मेचर जळालं, वाइंडिंग काळं पडलं तरच. तेव्हाही जुना फेकू नका, शहरातला वाइंडर आर्मेचर भरून देतो का ते आधी विचारा. आणि तुमच्या मिस्त्रीला ते तीन आकडे दाखवा: बॅटरीवर किती, केबलीच्या बोल्टवर किती, मोटरच्या बोल्टवर किती. मग त्याला 'सेल्फ गेला' एवढंच म्हणून भागणार नाही.