पोलीस भरतीचं १६०० मीटर जमेल असा विश्वासच वाटत नाही. रोज काय करू?

विश्वास आधी आणि सराव मग, असं होत नाही. 'हे मला जमलं' असा अनुभव हाच आत्मविश्वासाचा सर्वात भक्कम आधार असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. म्हणून रोजचं काम जमेल एवढंच ठेवा.

पुरुष गटात पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. ४०० मीटरच्या मैदानावर म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येकी साधारण ७७ सेकंद. आता लक्ष्य '१६०० मीटर' नाही, '७७ सेकंदांची एक फेरी' आहे.

पहिले तीन आठवडे वेळ बघूच नका: २ मिनिटं हळू धावा, १ मिनिट चाला, असं आठ वेळा, आठवड्यातून चार दिवस. पुढे त्यातल्या दोन दिवशी ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये २-३ मिनिटं विश्रांती. सुरुवात ९० सेकंदांनी केली तरी चालेल. चारही फेऱ्या सारख्या वेळात आल्या की २-३ सेकंद कमी करा.

बहुतेक मुलं पहिली फेरी जोशात ६५ सेकंदांत मारतात, तिसरीत पाय जड होतात आणि 'आपल्याला जमणार नाही' असं मनात पक्कं बसतं. खरं तर दम कमी नसतो, वेग चुकलेला असतो. दुसरी चूक म्हणजे रोज डांबरी रस्त्यावर जोरात पळणं. नडगी दुखायला लागली तर थांबाच, मातीचं मैदान शोधा.

प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा. मन डळमळलं की महिन्यापूर्वीचं पान उघडा.